डकार : मुक्काम बदलत गेलेल्या शर्यतीचा इतिहास

पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात २६ डिसेंबर १९७८ रोजी १८२ वाहने निघण्याच्या तयारीत उभी होती. ९० मोटारसायकली, ८० मोटारी आणि १२ ट्रक. जायचे होते सेनेगलची राजधानी डकार येथे. अंतर सुमारे १०,००० किलोमीटर. आपल्या कारंजा-मालेगाववरून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा आहे. तो चौदा वेळा पार करावा एवढी ती वाट. त्यातही मोठा भाग असा की जिथे रस्ताच नव्हता. अल्जीरिया, नायजर, माली, तेव्हाचे अप्पर व्होल्टा आणि सेनेगल असा प्रवास करून १४ जानेवारी १९७९ रोजी शर्यत डकारला संपली. शेवटच्या नोंदीत ७४ जण होते. मोटारसायकल, मोटार आणि ट्रक या सगळ्यांची त्या वर्षी एकच यादी होती, आणि त्या यादीत पहिला आला तो विशी नुकती ओलांडलेला सिरिल नेव्हू. त्याच्याकडे यामाहाची एक्सटी ५०० ही एका सिलिंडरची साधी दुचाकी होती.

वाशिम जिल्ह्यातील दुचाकीस्वार, मेकॅनिक आणि गॅरेजचालक यांच्या या स्मरणिकेत डकारचा इतिहास असावा, अशी संपादकांची इच्छा होती. मला ती योग्य वाटली. डकार ही केवळ दर जानेवारीत होणारी स्पर्धा नाही. तिला संस्थापक होता, त्याच्या पश्चात तिची धुरा दुसऱ्यांच्या खांद्यावर आली, तिच्यावर रद्द होण्याची वेळ आली, तिने दोनदा खंड बदलला, आणि तरीही ती त्याच नावाने चालू आहे. कोणत्याही जुन्या संस्थेच्या आयुष्यात येतात ते सगळे प्रसंग तिच्याही आयुष्यात आले.

संस्थापकाचे नाव थिएरी साबीन. जन्म १९४९ चा, फ्रान्समधला. ज्याँ-क्लोद बेर्त्राँ यांनी आयव्हरी कोस्टच्या आबीजानपासून फ्रान्सच्या नीसपर्यंत एक रॅली सुरू केली होती. तिच्यात १९७७ मध्ये साबीन मोटारसायकल घेऊन उतरला आणि वाळवंटात वाट चुकला. दिशा नाही, पाणी नाही, सावली नाही. शोधासाठी निघालेल्या विमानाला तो अगदी वेळेवर सापडला. मरणाच्या दारातून परतलेला माणूस एरवी त्या जागेचे नाव काढणार नाही. साबीन मात्र फ्रान्सला परतला तो हे वाळवंट आणखी लोकांनी पाहिले पाहिजे हा ध्यास घेऊन. वर्ष-दीड वर्षात त्याने पॅरिस ते डकार हा मार्ग आखला, पैसे जमवले, परवानग्या मिळवल्या आणि माणसे गोळा केली. निघणाऱ्यांसाठी आव्हान आणि मागे राहणाऱ्यांसाठी स्वप्न, अशा आशयाचे त्याचे घोषवाक्य आजही डकारच्या लोकांच्या तोंडी आहे.

साबीनने पाया कसा घातला, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने शर्यतीचे दार हौशी माणसाला उघडे ठेवले. कारखान्याचा पगारी चालक आणि स्वतःचे पैसे साठवून आलेला माणूस, दोघांना एकच वाट, एकच वेळ, एकच नियम. माझ्या मते डकार इतकी वर्षे टिकली ती या एका गोष्टीमुळे. डकारइतक्या गाजलेल्या दुसऱ्या मोटार शर्यतीत गॅरेज चालवणारा, शेती करणारा किंवा नोकरीतून रजा काढून आलेला माणूस जगज्जेत्याच्या मागोमाग त्याच वाळूत शिरलेला सहसा दिसत नाही.

ही शर्यत चालते कशी, ते इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण टीव्हीवरच्या उड्या पाहून गैरसमज होतो. रोजच्या टप्प्याचे दोन भाग असतात. एक नुसता जोडरस्ता. त्यावर वाहतुकीचे नियम पाळून ठरलेल्या वेळेत पोहोचायचे. दुसरा वेळ मोजला जाणारा टप्पा, ज्याला 'स्पेशल' म्हणतात; तो कधी दोनशे, कधी चारशे-पाचशे किलोमीटरचा असतो. वाट दाखवायला नकाशा नसतो, मोबाईल नसतो. असते ते रोडबुक. अमुक किलोमीटरवर उजवीकडे, होकायंत्राच्या अमुक अंशावर सरळ, पुढे खड्डा, पुढे कोरडा नाला, पुढे तीन उद्गारचिन्हे म्हणजे जिवाला धोका. पूर्वी हे कागदाचे भेंडोळे असे आणि दुचाकीस्वार ते रात्री बसून रंगीत पेनाने खुणा करत वाचत. आता ते बहुतेकांना पडद्यावर मिळते आणि पुष्कळदा निघण्याच्या काही मिनिटे आधी मिळते, म्हणजे श्रीमंत संघांना तज्ज्ञ बसवून आदल्या रात्री अभ्यास करता येऊ नये. १९९२ पासून उपग्रहाची दिशादर्शक यंत्रे आली, पण तीही हात बांधलेली. ठरलेल्या बिंदूच्या जवळ गेल्याशिवाय ती वाट दाखवत नाहीत. बिंदू चुकला की वेळेचा दंड. म्हणूनच डकारमध्ये सर्वांत वेगवान माणूस जिंकतोच असे नाही. कमी चुकणारा जिंकतो.

वाळूत गाडी चालवणे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायचे तर भर पावसाळ्यात काळ्या रानातून ट्रॅक्टर काढण्यासारखे आहे. थांबलात की रुतलात, आणि रुतल्यावर रेस वाढवली की आणखी खोल. टायरमधली हवा कमी करायची, चाकाचा पसारा वाढवायचा, ढिगाऱ्याच्या माथ्यावर वेग सोडायचा पण गाडी मरू द्यायची नाही. माथ्यापलीकडे उतार आहे की सरळ कडा, हे वर पोहोचेपर्यंत दिसत नाही. तेव्हा हँडल धरणाऱ्या हाताइतकेच वाळूचा रंग वाचणारे डोळे महत्त्वाचे. संध्याकाळी सगळे मुक्कामाला येतात. उघड्यावर तंबू, सामूहिक जेवण, जनरेटरचा आवाज, आणि मेकॅनिक रात्रभर इंजिन उघडून बसलेले. या मुक्कामाला बिव्हॉक म्हणतात. मदतनीस नसलेल्या स्वारांना तिथे वेगळा मान आहे. हा प्रकार 'माल मोतो' नावाने ओळखला जातो. संयोजक त्यांची एक पेटी, जादा चाके आणि तंबू एवढेच वाहून नेतात. दिवसभर गाडी हाकायची आणि रात्री स्वतःच ऑइल बदलायचे, टायर बसवायचा, साखळी ताणायची; उरलेल्या वेळात झोप. डकारचा आत्मा शोधायचा असेल तर विजेत्यांच्या व्यासपीठापेक्षा या पेट्यांजवळ शोधावा, असे मला मनापासून वाटते.

ऐंशीच्या दशकात शर्यत वेगाने वाढली. १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क सहा दिवस सहारात बेपत्ता झाला आणि अल्जीरियाच्या लष्करी विमानाला सापडला. शर्यतीचे नाव त्या बातमीने घरोघरी गेले. १९८३ मध्ये नायजरच्या तेनेरे वाळवंटात वादळ होऊन अनेक स्पर्धक दिवसेंदिवस वाट शोधत राहिले. त्या वर्षी मोटारींमध्ये जिंकला जॅकी इक्स, जो त्याआधी फॉर्म्युला वन आणि ल मान गाजवून आला होता. १९८४ आणि १९८६ मध्ये रने मेत्झने पोर्शे गाडीने बाजी मारली. १९८५ मध्ये मित्सुबिशी पजेरो पहिल्यांदा जिंकली. आपल्याकडे साहेबांची गाडी म्हणून पाहिलेली ती पजेरो डकारमध्ये एकूण बारा वेळा अव्वल ठरली, त्यातली २००१ ते २००७ ही सलग सात वर्षे. यामाहाने तर आपल्या दुचाकीला तेनेरे हेच नाव दिले.

१४ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी मालीतील गुर्मा-रारूसजवळ संयोजकांचे हेलिकॉप्टर कोसळले. थिएरी साबीन गेला. त्याच्याबरोबर गायक दानिएल बालाव्वान, पत्रकार नाताली ओदाँ, वैमानिक फ्राँस्वा-झाव्हिए बाग्नू आणि रेडिओ तंत्रज्ञ ज्याँ-पॉल ल फ्युर हेही गेले. बालाव्वान त्या वेळी शर्यतीसाठी नव्हे, तर आफ्रिकेतल्या गावांना पाण्याचे पंप मिळवून देण्याच्या कामासाठी आला होता. साबीनचे वय अवघे छत्तीस. शर्यत थांबली नाही, ठरल्याप्रमाणे डकारला पोहोचली. साबीनची रक्षा तेनेरेच्या वाळवंटात एका एकाकी झाडापाशी विखुरण्यात आली आणि त्या झाडाला त्याचेच नाव मिळाले. पुढची काही वर्षे त्याचे वडील जिल्बेर साबीन यांनी हा पसारा चालवला. मुलाच्या चितेनंतर मुलाचे काम हाती घेणाऱ्या त्या वृद्धाविषयी फारसे कुणी लिहीत नाही. या इतिहासात त्यांची नोंद आवर्जून करतो.

त्यांच्याच काळात शर्यतीने तोवरचा सर्वांत मोठा आकडा गाठला. १९८८ मध्ये ६०३ वाहने निघाली. त्या गर्दीची किंमतही त्याच वर्षी कळली. सहा माणसे मेली, आणि त्यांत रस्त्याकडेच्या गावांतली माणसे होती, एक लहान मुलगी होती. व्हॅटिकनच्या दैनिकाने, जिथे लोक भुकेने आणि तहानेने मरतात तिथे श्रीमंतीचे हे प्रदर्शन कशाला, अशी कडक टीका केली. ती टीका मला आजही खोटी ठरवता येत नाही. त्याच शर्यतीत आघाडीवर असलेल्या आरी व्हाटानेनची प्यूजो गाडी मालीतल्या बामाकोतून चोरीला गेली. सापडली, पण निघण्याची वेळ टळून गेली होती आणि तो बाद झाला. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, प्यूजोचे दोन चालक व्हाटानेन आणि इक्स एकमेकांशी झुंजत गाड्या मोडतील या भीतीने संघप्रमुख ज्याँ टॉट यांनी नाणे उडवून विजेता ठरवला. व्हाटानेन जिंकला. कारखान्यांचा पैसा आला की खेळ कसा वाकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. तरी त्याच वर्षांत शेकडो हौशी स्वार रात्री-अपरात्री मुक्कामाला पोहोचत होते, हेही खरे.

नव्वदीच्या सुरुवातीला शर्यत 'टूर द फ्रान्स' भरवणाऱ्या एएसओ या संस्थेकडे गेली. त्यानंतर मार्ग सतत बदलत राहिला. १९९२ मध्ये पॅरिसहून थेट केप टाउन. त्या शर्यतीत मोटारींमध्ये जिंकला ह्युबेर ओरिओल. १९८१ आणि १९८३ मध्ये मोटारसायकलवर जिंकलेला हा माणूस दोन्ही प्रकारांत विजय मिळवणारा पहिला ठरला. १९८७ मध्ये हाच ओरिओल अखेरच्या टप्प्यांत आघाडीवर असताना पडला, दोन्ही घोटे मोडले, तरी त्याने तो टप्पा पुरा केला. पुढे तोच शर्यतीचा संचालक झाला. २००० मध्ये डकार ते कैरो असा मार्ग होता. नायजरमध्ये हल्ल्याचा धोका असल्याची खबर आली आणि गाड्या, माणसे, सामान असा सगळा काफिला अँटोनोव्ह मालवाहू विमानांनी लिबियात उतरवण्यात आला. २००१ मध्ये जर्मनीची युटा क्लाइनश्मिट मोटारींमध्ये जिंकली. डकार जिंकणारी ती पहिली स्त्री. स्तेफान पीटरहान्सेलची कारकीर्द तर या सगळ्या कालखंडांना व्यापून आहे: मोटारसायकलवर सहा आणि मोटारीत आठ, असे चौदा विजय, १९९१ ते २०२१.

आफ्रिकेचा अध्याय संपला तो एका दिवसात. डिसेंबर २००७ मध्ये मॉरितानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली, शर्यतीलाही धमक्या आल्या. ४ जानेवारी २००८ रोजी, लिस्बनमध्ये सगळी वाहने तपासून सज्ज असताना, निघण्याच्या आदल्या दिवशी संयोजकांनी शर्यत रद्द केली. तीस वर्षांत असे पहिल्यांदाच घडले. अनेक हौशी स्पर्धकांची वर्षानुवर्षांची बचत तिथे अडकून पडली. निर्णय कठोर होता, पण माझ्या मते बरोबर होता. स्पर्धेसाठी माणसांचा जीव पणाला लावायचा नाही, हे संयोजकांनी त्या दिवशी स्पष्टपणे मान्य केले.

२००९ पासून शर्यत दक्षिण अमेरिकेत भरू लागली. अर्जेंटिना, चिली, पुढे पेरू आणि बोलिव्हिया. अँडीजची उंची आणि अटाकामाचे वाळवंट. अकरा वर्षे तिथे झाली. प्रेक्षक लाखोंनी आले, आणि चिलीत पुरातन अवशेषांची नासधूस झाल्याच्या तक्रारीही आल्या. यजमान देश एकेक करून मागे सरले. २०१९ ची शर्यत एकट्या पेरूत झाली. २०२० पासून सौदी अरेबिया. जेद्दाहून सुरुवात झाली आणि पुढे रुब अल खालीच्या अथांग वाळूत ती शिरली. आफ्रिकेची जुनी वाट मात्र सोडून दिलेली नाही. ओरिओल आणि मेत्झ यांनी २००९ मध्ये 'आफ्रिका इको रेस' सुरू केली आणि ती डकारजवळच्या गुलाबी तळ्याकडे, म्हणजे लाक रोझकडे, पुन्हा जाऊ लागली.

आता आपल्याकडचा धागा. लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतीचे महाराष्ट्राशी नाते डकारपेक्षा जुने आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून सिडनीकडे निघालेल्या शर्यतीत ९८ गाड्या होत्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या मुंबईला आल्या आणि तिथून 'चुसान' या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. ती शर्यत जिंकणारा स्कॉटलंडचा अँड्र्यू कावन पुढे मित्सुबिशीच्या डकार संघाचा प्रमुख झाला. म्हणजे पजेरोच्या विजयांमागचा माणूस मुंबईच्या गोदीतून गेलेला होता. १९८० मध्ये नाझीर हुसेन यांच्या पुढाकाराने पहिली हिमालयन रॅली सुरू झाली, तीही मुंबईतूनच. आणि मोटारसायकलींमध्ये २००१ ते २०१९ पर्यंत एकही वर्ष न हरलेली केटीएम? त्या ऑस्ट्रियन कंपनीत पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये भागीदारी घेतली, आणि तिच्या छोट्या दुचाकी चाकणच्या कारखान्यात बनू लागल्या. वाशिमच्या पाटणी चौकातून एखादा मुलगा नारिंगी केटीएमवर जातो तेव्हा त्या रंगाचा पत्ता असा चाकणमार्गे वाळवंटापर्यंत जातो.

भारतीय स्वारांमध्ये बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला. क्रमांक ३६ वा. केरळचा हरिथ नोआ २०२४ मध्ये एकंदरीत अकरावा आला आणि आपल्या वर्गात पहिला. टीव्हीएसने फ्रान्सच्या शेर्कोबरोबर आणि हीरोने स्वतःचा संघ काढून वाट धरली. हीरोच्या गाडीवर पोर्तुगालच्या जोआकीम रॉड्रिग्जने २०२२ मध्ये एक टप्पा जिंकला आणि बोट्स्वानाचा रॉस ब्रँच २०२४ मध्ये दुसरा आला. मराठी मुलखातून मुंबईचा आशीष रावराणे २०२१ मध्ये मोटारसायकल घेऊन उतरला. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी असलेली 'डकार क्लासिक' टोयोटा लँड क्रूझरने पूर्ण केली. नावे अजून मोजकीच आहेत. कारण उघड आहे: गाडी, प्रवेश शुल्क, वाहतूक आणि सराव यांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही, आणि सरावासाठी वाळू आपल्याकडे नाही.

हीरोच्या इतिहासात १२ जानेवारी २०२० हा दिवस काळा आहे. त्या दिवशी त्यांचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्व्हेस सौदीच्या वाळवंटात पडून मरण पावला. मागून आलेला प्रतिस्पर्धी टोबी प्राइस, आदल्या वर्षीचा विजेता, आपली शर्यत बाजूला ठेवून त्याच्यापाशी थांबला. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला, हीरोचा संघ माघारी फिरला. सुरुवातीच्या १९७९ च्या शर्यतीपासून आजवर स्पर्धक, मदतनीस, पत्रकार आणि वाटेवरचे लोक मिळून सत्तरहून अधिक माणसे डकारमध्ये गेली. २०२१ पासून स्वारांना हवेची पिशवी असलेले जॅकेट सक्तीचे झाले, धोक्याच्या जागी इशारा देणारी यंत्रणा आली, गावांतून वेगमर्यादा मोडली की जबर दंड आहे. असे नियम पुष्कळदा कुणीतरी गेल्यावर झाले. वाटेवरच्या गावांत मेलेल्या मुलांची नावे शर्यतीच्या गौरवग्रंथांत सहसा नसतात, ही या संस्थेच्या कारभारातली मोठी उणीव आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या तरुण स्वारांना माझे सांगणे एवढेच आहे. डकारची तयारी समृद्धी महामार्गावर वेग मोजून होत नाही, आणि तिथे शर्यत लावण्याचा मोह कुणी धरू नये. ज्याला खरेच जायचे आहे त्याने देशातल्या मोटार क्रीडा महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना काढावा, राजस्थानातल्या आडरानी रॅलींमध्ये रोडबुक वाचायला शिकावे, आणि आपली गाडी स्वतःच्या हाताने पूर्ण उघडून पुन्हा जोडता येईपर्यंत गॅरेजमध्ये बसावे. आजचे संयोजक नवख्याला थेट घेत नाहीत. आधी मान्यताप्राप्त रॅली पूर्ण केल्याचा दाखला मागतात. जे स्वार होणार नाहीत त्यांनाही दार उघडे आहे, कारण प्रत्येक संघाला रात्रभर जागणारे मेकॅनिक लागतात. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कुणाची तशी तयारी असेल, तर जिल्ह्यातल्या जाणत्या मंडळींनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.